नौपाड्यातला प्रेग्नन्सी क्लास : आठ शनिवार, साडेसात हजार रुपये आणि माझा अनुभव

आधीच सांगते, क्लासचं नाव मी इथे टाकत नाहीये. कौतुकासोबत एक मोठी तक्रार पण आहे, ती मी त्यांना समोर बसून सांगितली आणि त्यांनी ती नीट ऐकूनही घेतली, मग आता नावानिशी चव्हाट्यावर आणणं मला बरं वाटत नाही. नौपाड्यात आहे, गोखले रोडवरून आत वळलं की एका जुन्या बिल्डिंगमध्ये दुसऱ्या मजल्यावर. लिफ्ट नाही. गरोदर बायकांचा क्लास आणि लिफ्ट नाही, हे मला पहिल्या दिवशीच खटकलं आणि शेवटपर्यंत खटकत राहिलं. दर शनिवारी साडेदहा ते साडेबारा, आठ शनिवार, फी ७५००. पार्किंग विसरा, रिक्षानेच जा.

माझं पहिलंच बाळंतपण. राहायला कासारवडवली, ऑफिस ऐरोलीला, माहेर सांगलीचं. नवरा अंधेरीला जातो, सकाळी साडेसातला गेलेला माणूस रात्री नऊला घरी. घरात सासूबाई आहेत, त्यांचा स्वभाव चांगला आहे, पैशाची तशी ओढाताण नाही, फ्लॅटचा हप्ता जातो पण भागतं. म्हणजे बाहेरून बघणाऱ्याला वाटेल हिला काय कमी आहे, आणि खरं सांगायचं तर मलाही तेच वाटायचं, म्हणूनच मी कुणाकडे काही बोलत नव्हते. टेस्टवर दोन रेघा आल्या तेव्हा घरात पेढे वाटले आणि मी बाथरूममध्ये जाऊन बराच वेळ नुसती बसून राहिले. आनंद झाला नाही असं नाही, पण जो व्हायला पाहिजे म्हणतात तसा काही झाला नाही, आणि मग त्याचीच टोचणी लागली की मी कसली आई होणार. पहिले तीन महिने उलट्यांनी गेले, पाणीसुद्धा पोटात ठरत नव्हतं, सगळे म्हणायचे होतंच गं असं, चौथ्या महिन्यात बरं वाटेल. चौथ्या महिन्यात उलट्या थांबल्या. रडू नाही थांबलं.

ठाणे स्टेशनला नऊ-दहा नंबरवर वाशी-पनवेलच्या गाड्या लागतात, तिथून मी ऐरोलीला जायचे. खिडकीची सीट मिळाली की तोंड बाहेर करून बसायचे आणि दिघा येईपर्यंत डोळ्यांतून पाणी सुरू व्हायचं, कारण काहीच नाही, कुणी काही बोललेलं नाही, कुठे दुखत नाहीये. ऐरोली आलं की तोंड पुसून उतरायचं आणि ऑफिसात जाऊन कॉल घ्यायचे. दर महिन्याच्या चेकअपला वजन व्हायचं, बीपी व्हायचं, सोनोग्राफी झाली, शुगरसाठी ते ७५ ग्रॅम ग्लुकोजचं गोड पाणी पण पिऊन झालं, पोटातल्या बाळाच्या मांडीचं हाडसुद्धा मिलिमीटरमध्ये मोजून फाईलला लागलं. बाळ मस्त आहे, गोळ्या चालू ठेवा, पुढची तारीख घ्या. पाच मिनिटांत मी बाहेर आणि सिस्टर पुढचं नाव पुकारणार. झोप लागते का, मन कसं आहे, हे त्या पाच महिन्यांत मला एकानेही विचारलं नाही. डॉक्टरांना नावं ठेवत नाहीये, बाहेर चाळीस बायका बसलेल्या असतात, पण नाही विचारलं हे खरं.

क्लासला मी गेले ते ऑफिसमधल्या मैत्रिणीच्या सांगण्यावरून. ती म्हणाली बाळाला आंघोळ कशी घालायची, दूध कसं पाजायचं, कळा आल्या की श्वास कसा घ्यायचा हे सगळं शिकवतात, तू पाचव्या महिन्यातच जा, सातव्यात जिना चढवत नाही. मनाबिनाचं काही माझ्या डोक्यातही नव्हतं. जूनचा दुसरा शनिवार होता, घोडबंदर रोडला नेहमीचं ट्रॅफिक त्यात पाऊस, मी वीस मिनिटं उशिरा पोचले, आणि धापा टाकत आत शिरले तर बाकीच्या दहाजणी मान खाली घालून पेन्सिलीने काहीतरी लिहीत होत्या, शाळेत चाचणी असते तसं. मला पण एक कागद दिला. मराठीत दहा प्रश्न, प्रत्येकाला चार उत्तरं, गेल्या सात दिवसांत तुम्हाला कसं वाटलं त्याप्रमाणे खूण करायची.

पहिला प्रश्न हसण्याबद्दल होता, गमतीच्या गोष्टींवर हसू येतं का. त्यावर मी पटकन खूण केली. तिसऱ्याला थांबले. काही बिघडलं की विनाकारण स्वतःला दोष देता का, असं काहीसं होतं. मी ते तीन वेळा वाचलं. 'विनाकारण' म्हणजे काय, माझ्याकडे तर कारणांची यादी होती, डबा संपला नाही तर माझी चूक, हिमोग्लोबिन कमी आलं तर माझी चूक, बाळाशी पोटावर हात ठेवून बोलायला सुचत नाही ती पण माझीच चूक. त्या विचारात मी पेन्सिलीचं टोक मोडलं, शेजारच्या मुलीने तिची पेन्सिल सरकवली, तिचेही डोळे लाल होते. दहावा प्रश्न स्वतःला इजा करायच्या विचारांबद्दल आहे. तो वाचून अंगावर काटा आला, माझं उत्तर 'कधीच नाही' होतं, पण असं कागदावर कुणी सरळ विचारतं याचंच मला आश्चर्य वाटलं.

नंतर काउन्सेलर मॅडमनी सांगितलं की याला एडिनबरा स्केल म्हणतात, १९८७ साली स्कॉटलंडमध्ये बाळंतिणींसाठी तयार झालं आणि आता गरोदरपणातही वापरतात, एकूण ३० मार्क, जितके जास्त तितकी काळजी घ्यायची, साधारण १३ किंवा त्याहून जास्त आले की तज्ज्ञाशी बोलायलाच हवं. हे म्हणजे आजाराचं निदान नाही, ताप बघायला थर्मामीटर लावतो तसं आहे, असं त्या दोनदा म्हणाल्या. माझे १४ आले. ते त्यांनी सगळ्यांसमोर सांगितलं नाही, क्लास सुटल्यावर मागे थांबवून, दार लोटून घेऊन सांगितलं, आणि हे मला फार आवडलं. मी म्हटलं मॅडम, मला तसा काहीच त्रास नाहीये हो, घरचे सगळे चांगले आहेत. त्या म्हणाल्या, "त्रास असायलाच पाहिजे असं कुठे आहे? तू कशी आहेस ते सांग, घरचे कसे आहेत ते नंतर बघू." आणि मी पाऊण तास बोलत होते. बाहेर सफाईवाल्या मावशी झाडू मारून निघून गेल्या तरी मी बोलतच होते.

त्यांनी जे जे विचारलं ते लिहून ठेवते, कारण मला वाटायचं मूड म्हणजे हार्मोन्स आणि विषय संपला. पण त्यांनी आधी विचारलं रात्री किती तास सलग झोप होते. मग हिमोग्लोबिन किती, थायरॉइड तपासलंय का, कारण दोन्ही कमी-जास्त असलं की थकवा, उदासी अगदी डिप्रेशनसारखीच दिसते. आधी कधी असा त्रास झाला होता का, आईला किंवा बहिणीला झाला होता का. मूल आत्ता हवं होतं का, दोघांनाही हवं होतं का. नवरा घरी आल्यावर किती बोलता. घरात कुणी हात उचलतं का, हे पण अगदी साध्या आवाजात विचारलं, पाणी देऊ का विचारावं तसं, आणि म्हणाल्या हे मी सगळ्यांना विचारते. आधी गर्भ राहून पडलाय का. जवळचं माणूस कोण, रात्री अकराला फोन करता येईल असं. मी सांगितलं आई, पण आई सांगलीला, तिला काळजी वाटेल म्हणून मी तिला सगळं छान आहे असंच सांगते. तेव्हा त्यांनी वहीत काहीतरी लिहिलं. एकच मोठं कारण नव्हतंच माझ्याकडे. हिमोग्लोबिन ९.४, जाऊन-येऊन साडेतीन तासांचा प्रवास, झोप तुटक, आई लांब, नवरा थकलेला, आणि वर सगळं चांगलं असताना रडते कशाला हा माझाच माझ्यावर राग.

हिमोग्लोबिनचं तर असं झालं होतं की लोहाच्या गोळीने पोट साफ होत नव्हतं म्हणून मी ती परस्पर बंद केली होती आणि डॉक्टरांना सांगितलंच नव्हतं. गरोदरपणात ११ च्या खाली म्हणजे रक्त कमीच धरतात. डॉक्टरांनी गोळी बदलून दिली, चहा-दुधासोबत घ्यायची नाही, लिंबूपाण्यासोबत घ्यायची, महिनाभरात जिना चढताना फरक जाणवला. प्रवासाचं म्हणाल तर लोकलला दिव्यांगांच्या डब्यात गरोदर बाईला बसता येतं हे मला क्लासमध्ये कळलं, फाईल जवळ ठेवायची. रजेचं पण तिथेच एकीने समजावलं, ती एचआरमध्ये आहे. २०१७ पासून पहिल्या दोन मुलांसाठी २६ आठवडे भरपगारी मिळतात आणि त्यातले जास्तीत जास्त आठ आधी घेता येतात. मी सगळे नंतरसाठी राखून ठेवणार होते, बाळ होईल त्या दिवसापर्यंत गाडी पकडणार होते. मग छत्तिसाव्या आठवड्यात थांबले. मला वाटतं त्या चार आठवड्यांनी मला खूप सांभाळलं.

आता तक्रार. तिसऱ्या शनिवारी गर्भसंस्कारांचं सेशन होतं, त्यासाठी बाहेरून एक वक्त्या बोलावल्या होत्या. श्लोक म्हणणं, चांगलं वाचणं, संगीत ऐकणं याला माझा अजिबात विरोध नाही, माझी आजी रामरक्षा म्हणायची आणि ती कानावर पडली की मला आजही शांत वाटतं. पण त्या बाई म्हणाल्या की आई रडली की बाळ रडकं होतं, आई चिडली की तापट होतं, तुमच्या प्रत्येक विचाराची छाप बाळावर पडतेय, तेव्हा नऊ महिने फक्त प्रसन्न राहायचं. अकराजणी ऐकत होतो. त्यातली एक, जिचं आधी एकदा नवव्या आठवड्यात मिसकॅरेज झालं होतं, ती एकदम पांढरी पडली, कारण तिला वाटलं तेव्हा पण माझ्याच विचारांनी झालं असणार. शेवटी ४२०० रुपयांचा एक किट दाखवला, पुस्तक, ऑडिओ, तूप, कसलीतरी माळ. चौघींनी घेतला. त्यातली एक मी. घाबरून घेतला, हे मला आज लिहिताना पण लागतं.

त्या आठवड्यात मी घरी रडणं दाबायला लागले. रडू आलं की दात आवळून श्लोक लावायचा, आणि मग श्लोक लागला की रडू येणारच असं व्हायला लागलं. रात्री दोन-दोन वाजेपर्यंत जागी, पोटावर हात ठेवून सॉरी म्हणत. ज्या बाईला आधीच स्वतःचा राग येतोय तिला जाऊन सांगायचं की तुझ्या रडण्याने बाळ बिघडतंय, हे मला चुकीचं वाटतं आणि धोक्याचं पण वाटतं. पुढच्या शनिवारी मी मॅडमना सांगितलं, आवाज कापत होता पण सांगितलं. त्यांनी सेशन बाजूला ठेवलं आणि पूर्ण एक तास यावरच बोलल्या. कधीतरी रडण्याने, भांडण झाल्याने, चिडण्याने बाळाला काही होत नाही. महिनोन् महिने चालणारं डिप्रेशन अंगावर काढलं तर खाणं, झोप, औषधं सगळ्याचे हाल होतात आणि त्याचा परिणाम होऊ शकतो, पण त्यावर उपाय दडपून हसणं नाही, मदत घेणं आहे. आणि पहिल्या तीन महिन्यांतली बरीचशी मिसकॅरेज गर्भाच्या गुणसूत्रांतल्या दोषामुळे होतात, आईच्या विचारांमुळे नाही. हे त्यांनी त्या मुलीकडे बघून सांगितलं आणि ती तिथेच रडली, सगळ्यांसमोर, आणि कुणी तिला गप्प केलं नाही. किटचे पैसे मागितल्यावर परत मिळाले, चौघींचेही. पण मला अजून कळत नाही की एकाच क्लासात ही दोन सेशन्स कशी असू शकतात. ते सेशन पुढच्या बॅचपासून बदललंय असं ऐकलं. नाव घालताना स्वतः विचारून घ्या.

त्याच दिवशी दुसरा एक विषय निघाला. आमच्यातल्या एकीला लग्नाआधीपासून ॲन्झायटीच्या गोळ्या चालू होत्या, टेस्ट पॉझिटिव्ह आल्याबरोबर नातेवाइकांपैकी कुणीतरी म्हणालं बंद कर, बाळाला लागेल, म्हणून हिने एका दिवसात बंद केल्या. तीन आठवड्यांत तिला रात्री छातीत धडधड, घाम, दार बंद असलं की गुदमरणं. मॅडमनी सांगितलं की काही गोळ्या गरोदरपणात चालत नाहीत हे खरं, पण बऱ्याच डॉक्टरच्या देखरेखीखाली चालतात, डोस बदलतात किंवा गोळी बदलून देतात, आपल्या मनाने एकदम तोडणं हेच जास्त वाईट. आणि तिला सायकियाट्रिस्टकडे पाठवते म्हणाल्या. तर तिला सोडायला आलेली कुणीतरी घरची बाई दारातूनच म्हणाली, "म्हणजे ठाण्याला?"

आम्ही बसलो होतो ठाण्यातच. पण तिला काय म्हणायचंय ते सगळ्यांना कळलं. सांगलीत लहानपणी कुणी वेड्यासारखं वागलं की आम्ही म्हणायचो ह्याला ठाण्याला नेऊन टाका, इथलं मनोरुग्णालय १९०१ सालचं आहे, अख्ख्या महाराष्ट्रात ठाणं म्हणजे तेच. माझं लग्न ठरलं तेव्हा भावंडांनी यावरून चिडवलं होतं आणि मी पण हसले होते. त्या दिवशी त्या मुलीचा चेहरा बघून मला त्या हसण्याचं फार वाईट वाटलं. ती गेली डॉक्टरकडे, साधं क्लिनिक, पाचपाखाडीत, बाहेर वेटिंगला मुलं-बाळं घेऊन माणसं बसलेली. एका कमी डोसच्या गोळीवर तिचे उरलेले महिने नीट गेले, आता तिला मुलगी आहे. जागतिक आरोग्य संघटना सांगते की जगभरात साधारण १० टक्के गरोदर बायकांना आणि १३ टक्के नुकत्या बाळंत झालेल्यांना मानसिक आजार होतो, मुख्यतः डिप्रेशन, आणि आपल्यासारख्या विकसनशील देशांत हेच आकडे १५.६ आणि १९.८ टक्के आहेत. म्हणजे आमच्या अकराजणींत निदान एक-दोघी असणारच होत्या. त्यातली एक मी निघाले.

सहावा शनिवार नवऱ्यांचा. अकरापैकी सात आले. माझा येणार नव्हता, मीटिंग आहे म्हणाला, मग सासूबाईंनीच त्याला दटावलं. तिथे एक साधी गोष्ट करायला लावली, बायकोने पाच मिनिटं बोलायचं आणि नवऱ्याने काहीही न बोलता ऐकायचं, उपाय सुचवायचा नाही, 'होईल गं नीट' म्हणायचं नाही, फोन बाजूच्या टेबलावर. माझा नवरा अडचण दिसली की सोडवायला घेणारा माणूस. मी रडले की तो मोसंबी आणायचा, फिरायला नेतो म्हणायचा, तलावपाळीला चक्कर मारू म्हणायचा, आणि मी गप्प झाले की त्याला वाटायचं काम झालं. त्या पाच मिनिटांत मी त्याला गाडीतल्या रडण्याबद्दल सांगितलं, टेस्टच्या दिवशी बाथरूममध्ये बसले होते ते सांगितलं. मधेच तो तोंड उघडायला गेला, मॅडमनी नुसतं बोट वर केलं. त्याने माझ्या ओढणीचं टोक धरलं आणि ते घडी घालत, उलगडत बसला, घडी घालत, उलगडत, आणि पाच मिनिटं संपली तरी तो काही बोललाच नाही. खाली उतरल्यावर म्हणाला, हे तू मला पाच महिने का नाही सांगितलंस. त्यानंतर रोज रात्री जेवणं झाली की दहा मिनिटं आम्ही गॅलरीत बसायला लागलो. कधी मी बोलायचे, कधी तो. त्याला पण भीती होती, नोकरी टिकेल का, हप्ता कसा भरायचा, मला काही झालं तर. तो ती कुणाला सांगणार होता?

सासू-आईचा शनिवार मला वाटलं कंटाळवाणा होईल. माझी आई येऊ शकली नाही, सासूबाई आल्या, दोन्ही मजले गुडघे धरत चढल्या. क्लासमध्ये त्या एक शब्द बोलल्या नाहीत. परतताना रिक्षा कापूरबावडीला अडकली, वर मेट्रोचं काम, बाजूला ट्रक, पाऊस, पाऊण तास हलेना. तेव्हा त्या एकदम म्हणाल्या, "अगं, ह्याच्या वेळेला मी मोरीत नळ सोडून रडायचे. पाण्याच्या आवाजात ऐकू जायचं नाही ना कुणाला." ही १९८९ ची गोष्ट, डोंबिवलीच्या चाळीतली. मोरी रोज दोनदा घासायच्या म्हणे, त्यांच्या सासूबाईंना वाटायचं सून किती स्वच्छतेची आहे. मी विचारलं आई, मग कधी थांबलं. म्हणाल्या, "थांबलं असेल आपोआप. बघायला वेळ कुणाला होता." आणि माझ्या मांडीवर हात ठेवून बाहेर पावसाकडे बघत बसल्या.

त्यानंतर घरात एक फरक पडला. आमच्या मजल्यावरच्या एक काकू माझं पोट बघून दरवेळी म्हणायच्या, पुढे आलंय, मुलगाच बघा. श्रावणात डोहाळजेवण केलं, त्या दिवशी पेढा निघतो की बर्फी ते बघायच्या वेळी पुन्हा तेच. मी हसून सोडून द्यायचे पण रात्री डोक्यात घोळायचं, मुलगी झाली तर काय तोंडं पडतील. मॅडमनी सांगितलं होतं की गोव्यात झालेल्या २००२ सालच्या एका अभ्यासात हेच दिसलं होतं, मुलगा हवा असताना मुलगी झाली तर त्या आईला बाळंतपणानंतर डिप्रेशन येण्याचा धोका वाढतो, शिवाय गरिबी आणि नवऱ्याशी न पटणं हेही. म्हणजे ते बोलणं नुसतं बोलणं नसतं, ते आत जाऊन बसतं. तर त्या दिवशी सासूबाईंनी वाट्या काढूच दिल्या नाहीत. काकूंना म्हणाल्या, "वाट्या राहू देत, तिला दमायला झालंय. जे येईल ते आपलंच." आणि मला आत झोपायला पाठवलं. साडेसात हजारांतले निम्मे मी त्या एका वाक्याला देईन.

बाकीच्या गोष्टी पटकन सांगते. व्यायामाचं शिकवणाऱ्या फिजिओ चांगल्या आहेत, कंबरेचं दुखणं कमी झालं. आहाराचं सेशन ठीकठाक, त्यात नवीन काही नाही आणि मध्ये त्यांनी मिसळ खाऊ नका म्हटलं त्यामुळे मामलेदारची मिसळ खाऊन आलेल्या दोघींची मान खाली गेली, पण पित्त होत नसेल तर एखाद्या वेळी खाल्ली म्हणून काही होत नाही असं मलाच माझ्या डॉक्टरांनी सांगितलंय. बाळाची आंघोळ बाहुलीवर शिकवतात, खऱ्या बाळाला हात लावताना तो सगळा आत्मविश्वास जातो, तरी उपयोग होतो. दूध पाजण्याचं सेशन एकच आहे, दोन हवीत. एसी फार गार, शाल न्या. खुर्च्या प्लॅस्टिकच्या, पाठीला उशी घरून न्या. आठव्या शनिवारी बॅचमध्ये आणखी पाचजणींना घुसवलं, ते मला आवडलं नाही, तोपर्यंत आम्ही मोकळेपणाने बोलायला लागलो होतो आणि अनोळखी चेहरे आल्यावर सगळ्या पुन्हा 'मी मस्त' म्हणायला लागल्या.

फीबद्दल. ७५०० मला परवडले, वर एकटीची तीन सिटिंग झाली, प्रत्येकी ८०० रुपये, ती पण परवडली. ज्यांना नाही परवडत त्यांनी काय करायचं हे मी मॅडमना विचारलं होतं. त्यांनी फळ्यावर मोठ्या अक्षरात १४४१६ लिहिलं, टेलि-मानस, केंद्र सरकारची २०२२ पासूनची फोन सेवा, फुकट, चोवीस तास, मराठीत बोलता येतं. आमच्यातल्या एकीने खरंच रात्री दोनला फोन केला होता, नवरा नाईट शिफ्टला आणि तिला एकटीला भीती वाटत होती. लागला थोड्या वेळाने, पलीकडची मुलगी वीस मिनिटं शांतपणे बोलली, म्हणे. सरकारी दवाखान्यांत दर महिन्याच्या ९ तारखेला गरोदर बायकांची मोफत तपासणी असते, तिथे गेलात तर रक्तदाब, रक्त दाखवून झाल्यावर झोपेचं आणि रडण्याचं पण स्वतःहून सांगा, विचारायची वाट बघू नका.

शेवटच्या शनिवारी पुन्हा तोच कागद भरून घेतला. माझे ७ आले. नोव्हेंबरच्या पहिल्या आठवड्यात मला मुलगी झाली, सांगलीला. तिसऱ्या दिवशी दूध उतरलं आणि मी पुन्हा रडायला लागले, पण या वेळी मला माहीत होतं की हे बऱ्याच जणींना होतं, दोन आठवड्यांत ओसरतं, आणि नाही ओसरलं तर कळवायचं. दहाव्या दिवशी मॅडमचा फोन आला. बाळाचं वजन नाही विचारलं, मुलगा की मुलगी नाही विचारलं, "तू जेवलीस का" विचारलं. मी डिंकाचा लाडू हातात घेऊन बसले होते, तो तसाच हातात राहिला. हा फोन त्यांच्या फीमध्ये नाही, त्या करतात. सहा आठवड्यांनी तोच कागद व्हॉट्सॲपवर पाठवला, ६ आले.

मुलगी आता चार महिन्यांची आहे. मागच्या शनिवारी तिला घेऊन क्लासला पेढे द्यायला गेले होते, पेढेच नेले, मुद्दाम. पहिल्या मजल्याच्या वळणावर आता एक खुर्ची ठेवलीय, अर्ध्यात दम लागला की बसायला. मी आणि अजून तिघींनी फीडबॅकमध्ये लिहिलं होतं ते. त्या खुर्चीवर एक सहाव्या महिन्याची मुलगी बसली होती, हातात फाईल, पावसाळा नसताना पण छत्री. मी विचारलं पहिला दिवस का. मान हलवली. मी म्हटलं आत गेलीस की पेन्सिल देतील, खरं ते लिही.